अडवलेला वारा मोकळ्या वाऱ्यापेक्षा जोरात का वाहतो? ग्रीनलँडच्या किनाऱ्यावरून

जगातल्या समुद्रांवर तुफान वारा सगळ्यात जास्त वेळा कुठे सुटत असेल? हा प्रश्न विचारला की बहुतेक जण शाळेतलं भूगोलाचं पुस्तक आठवतात: गरजणारे चाळीस, खवळलेले पन्नास, किंचाळणारे साठ. म्हणजे अंटार्क्टिकाभोवतीचा दक्षिण महासागर. उत्तर चुकीचं म्हणता येणार नाही. सरासरी वेग बघितला तर तिथे जोराचा वारा खरंच सतत असतो. पण निकष थोडा बदला. सेकंदाला 20 मीटर, म्हणजे ताशी 72 किलोमीटरच्या वरचा वारा हिवाळ्यात किती वेळा येतो, असं विचारा. क्विकस्कॅट या उपग्रहाच्या नोंदींतून असा नकाशा काढला गेला, तेव्हा यादीत सर्वात वर एक छोटासा ठिपका आला. ग्रीनलँडचं दक्षिण टोक, केप फेअरवेल.

आता हे जरा विचित्र आहे. दक्षिण महासागरात वाऱ्याला अडवायला जमीनच नाही, म्हणून तो जोरात, हे आपल्याला पटतं. केप फेअरवेलला मात्र वाऱ्याच्या वाटेत अख्खं ग्रीनलँड उभं आहे. मधोमध 3 किलोमीटरहून जाड बर्फाचा घुमट, आणि कडेला, विशेषतः पूर्व किनाऱ्याला, सरळ समुद्रात उतरणारे डोंगर. तिथलं गुनब्यॉर्न शिखर 3,694 मीटर उंच आहे आणि ते डेन्मार्क सामुद्रधुनीपासून फार लांब नाही. एवढी मोठी भिंत असताना वारा कमी व्हायला हवा की जास्त?

ध्रुवीय हवामानात संशोधन करायचं मनात असेल, तर हा प्रश्न नीट सोडवून घ्या. बॅरियर विंड, टिप जेट, रिव्हर्स टिप जेट अशी नावं पेपरांत सारखी येतात आणि सुरुवातीला वाटतं की हे पाच-सहा वेगळे प्रकार पाठ करायचे आहेत. मुळात गोष्ट एकच आहे. वाऱ्याचा वेग एरवी ज्या समतोलामुळे आटोक्यात राहतो, तो समतोल डोंगर मोडतो.

आधी समतोल

बीएस्सीला शिकलेलं थोडं आठवा. जमिनीच्या घर्षणापासून दूर, मध्यम आणि उच्च अक्षांशांत वारा जास्त दाबाकडून कमी दाबाकडे सरळ जात नाही. दाबातल्या फरकाचं बल त्याला कमी दाबाकडे ओढतं, कोरिओलिस बल त्याला (उत्तर गोलार्धात) उजवीकडे ढकलतं, आणि दोघांची बरोबरी झाली की वारा समदाब रेषांना समांतर वाहू लागतो. कमी दाब डाव्या हाताला. हा भूवलनी वारा.

इथे एक गोष्ट पुस्तकात लिहिलेली असते पण डोक्यात शिरत नाही. या स्थितीत दाबाचा उतार वाऱ्याला वेग देत नाही. सायकल उताराला आडवी चालवावी तसं आहे ते. उतार आहे, पण तुम्ही खाली येतच नाही आहात, मग वेग कसा वाढणार?

आकडे घालून बघू. समजा दर 100 किलोमीटरला दाब 1 हेक्टोपास्कलने बदलतो. हा काही फार तीव्र उतार नाही. 65 अंश अक्षांशावर यातून निघणारा भूवलनी वारा सेकंदाला साधारण 6 मीटर येतो. झेंडा जेमतेम फडफडेल इतका.

आता तीच हवा, तोच उतार, पण हवा सरळ उतारावरून खाली येऊ दिली तर? 500 किलोमीटरमध्ये दाब 5 हेक्टोपास्कलने, म्हणजे 500 पास्कलने, उतरतो. घर्षण सोडून द्या आणि बर्नूलीचा हिशोब करा. वेगाचा वर्ग भागिले दोन बरोबर दाबातला फरक भागिले घनता. घनता 1.3 घेतली की वेग येतो सेकंदाला जवळजवळ 28 मीटर, म्हणजे ताशी 100 किलोमीटर. त्वरणाचा हिशोब केलात तर एवढा वेग यायला दहा तास लागतात.

6 कुठे आणि 28 कुठे! दाबाचा नकाशा तोच. फक्त समतोल काढून घेतला. पुढचं सगळं या दोन आकड्यांच्या मधे घडतं, म्हणून हा हिशोब एकदा कागदावर स्वतः करा. वाचून पुढे जाऊ नका.

भिंत काय करते

डेन्मार्क सामुद्रधुनी म्हणजे ग्रीनलँड आणि आइसलँडच्या मधला समुद्र. आइसलँडच्या आसपास हिवाळाभर कमी दाबाची वादळं येत-जात असतात. असं एक वादळ सामुद्रधुनीच्या दक्षिणेला आलं की त्याच्या उत्तर बाजूचा वारा पूर्वेकडून पश्चिमेकडे, थेट ग्रीनलँडच्या किनाऱ्यावर धडकतो.

हवा डोंगरावरून पलीकडे जाईल की नाही, हे ठरवायला एक संख्या वापरतात, फ्रूड संख्या. वाऱ्याचा वेग भागिले (डोंगराची उंची गुणिले हवेच्या स्थिरतेचं माप). स्थिरतेचं माप म्हणजे ब्रंट-व्हैसाला वारंवारता. हवेचा गोळा वर ढकलून सोडला तर तो किती जोरात परत खाली येतो, ते ही सांगते. नेहमीचा आकडा सेकंदाला 0.01 असतो. ध्रुवीय प्रदेशात खाली थंड आणि वर तुलनेने उबदार अशी हवा असते, तेव्हा तो याहून मोठा होतो. चांगला 15 मीटरचा वारा आणि 2,500 मीटरची भिंत धरली तरी फ्रूड संख्या 0.6 येते. एकपेक्षा कमी, म्हणजे खालच्या थरातल्या हवेकडे वर चढण्याइतकी गतिज ऊर्जा नाही. ती अडते.

अडली की मंदावते. आणि इथेच सगळी गंमत आहे. कोरिओलिस बल वेगाच्या प्रमाणात असतं. वेग गेला की तेही गेलं. दाबाचा उतार मात्र जागच्या जागी आहे, कारण तो मोठ्या वादळाने तयार केलेला आहे आणि त्याला डोंगराशी काही देणंघेणं नाही. मग हवा दाबाच्या उतारावरून खाली, म्हणजे दक्षिणेकडे, किनाऱ्याला समांतर घसरू लागते.

वेग वाढला की कोरिओलिस परत जागं होणार, बरोबर? होतंच. दक्षिणेकडे जाणाऱ्या हवेची उजवी बाजू म्हणजे पश्चिम, म्हणजे डोंगर. कोरिओलिस हवेला डोंगरावर दाबतं, पण डोंगर जाऊ देत नाही. थंड हवा भिंतीशी साचते, तिथला दाब वाढतो आणि हा वाढलेला दाब कोरिओलिसला तोलून धरतो. म्हणजे किनाऱ्याला आडव्या दिशेत समतोल आहे, पण किनाऱ्याच्या दिशेत कोणीच अडवायला नाही. हवा पुढे पुढे जात वेग घेत राहते, आवर घालतं ते फक्त घर्षण. हाच बॅरियर विंड. भिंतीला चिकटून वाहणारा ईशान्येचा वारा, ज्याचा सर्वात जोराचा पट्टा समुद्रापासून काही शे मीटर उंचीवर असतो.

हा पट्टा किती रुंद? उंची गुणिले स्थिरता, भागिले कोरिओलिस गुणांक. याला रॉसबी त्रिज्या म्हणतात. वरचेच आकडे टाकले तर 190 किलोमीटर येतात. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

पुष्कळ ठिकाणी हा वारा ‘नरसाळ्या’ने समजावतात. आइसलँड आणि ग्रीनलँडच्या मधे जागा अरुंद, म्हणून बोळातल्या वाऱ्यासारखा वेग वाढतो, वगैरे. मला हे स्पष्टीकरण आवडत नाही. सामुद्रधुनी सर्वात अरुंद जागीही जवळपास 300 किलोमीटर आहे, आणि जोराचा पट्टा मधोमध नसतो, ग्रीनलँडच्या अंगाला असतो. नरसाळ्याला दोन भिंती लागतात, या वाऱ्याला एक पुरते.

बारकाईने बघितलं तर हा वारा सगळ्या किनाऱ्यावर सारखाही नसतो. मूर आणि रेनफ्रू यांनी 2005 मध्ये उपग्रहाच्या नोंदींवरून दाखवलं की सामुद्रधुनीत दोन ठरावीक जागी तो वारंवार जोर धरतो. तिथेच का, हे तेव्हा कळलेलं नव्हतं. 2012 मध्ये हार्डन आणि रेनफ्रू यांनी मॉडेल चालवून याचा संबंध किनाऱ्याच्या आकाराशी जोडला. त्या दोन ठिकाणी डोंगराळ किनारा समुद्रात पुढे आलेला आहे, आणि अशा कोपऱ्याला वळसा घालताना हवा आणखी वेग घेते. सात वर्षं एक साधा ‘इथेच का?’ उघडा होता. विषय शोधणाऱ्यांनी याची नोंद घ्यावी.

भिंत संपते तेव्हा

आता दक्षिणेला केप फेअरवेलला या. इथे दोन वेगवेगळे वारे आहेत आणि वादळ कुठे आहे त्यावर कोणता सुटणार ते ठरतं.

वादळ टोकाच्या दक्षिणेला असेल तर पूर्व किनाऱ्याने खाली आलेला बॅरियर विंड टोकापर्यंत पोचतो आणि तिथे भिंत अचानक संपते. इतका वेळ कोरिओलिसला तोलणारा डोंगर नाहीसा झाला. वेग तर भरपूर आहे. मग कोरिओलिस जिंकतं आणि वारा उजवीकडे, टोकाला वळसा घालून पश्चिमेकडे वळतो. हा पूर्वेचा टिप जेट, जुन्या पेपरांत रिव्हर्स टिप जेट.

वादळ टोकाच्या ईशान्येला, इर्मिंगर समुद्रावर असेल, तर उलटं. पश्चिमेचा वारा ग्रीनलँडच्या दक्षिण भागाला धडकतो. काही हवा टोकाला वळसा घालते, काही डोंगरावरून पलीकडे घसरते, आणि दोन्ही टोकाच्या पूर्वेला एका अरुंद, वेगवान पट्ट्यात येतात. हा पश्चिमेचा टिप जेट. डॉइल आणि शपीरो यांचा 1999 चा पेपर इथे मूळ मानला जातो. त्यांनी पलीकडे उतरणाऱ्या हवेच्या बर्नूली हिशोबावर भर दिला, नंतरच्या कामांनी वळसा घालणाऱ्या हवेला जास्त महत्त्व दिलं. कोणाचा वाटा किती, हे प्रत्येक घटनेत बदलतं. एका केसवरून सगळ्याचं उत्तर दिलं असं म्हणणारा पेपर दिसला तर जरा सावध.

एक गल्लत टाळा. उतारावरून स्वतःच्या वजनाने खाली येणारा थंड वारा, कॅटबॅटिक, हा वेगळा प्राणी आहे. त्याला ओढतं गुरुत्वाकर्षण. ग्रीनलँडच्या पूर्व किनाऱ्यावर त्याच्या भयंकर रूपाला पितेराक म्हणतात. फेब्रुवारी 1970 मध्ये तासीलाक गावाची त्याने दाणादाण उडवली होती. अंटार्क्टिकात डग्लस मॉसनच्या तुकडीने 1912-13 मध्ये केप डेनिसनला जो वारा मोजला, वर्षाची सरासरीच ताशी 70 किलोमीटरच्या आसपास, तोही याच जातीचा. बॅरियर विंड किनाऱ्याला समांतर वाहतो, कॅटबॅटिक उताराच्या दिशेने समुद्राकडे येतो. प्रत्यक्षात दोन्ही एकमेकांत मिसळतात, तो भाग वेगळा.

समजलं का ते तपासायला गोलार्ध बदलून बघा. अंटार्क्टिक द्वीपकल्पाच्या पूर्वेला वेडेल समुद्र आहे. पूर्वेचा वारा द्वीपकल्पाच्या डोंगरांवर येऊन अडला. तिथे कोरिओलिस डावीकडे ढकलतं आणि कमी दाब उत्तरेला असतो. वारा कुठे वळेल? उत्तरेकडे, डोंगर डाव्या हाताला ठेवून. श्वेर्टफेगर या हवामानशास्त्रज्ञाने 1970 च्या दशकात हेच मांडलं आणि वेडेल समुद्राच्या पश्चिम भागातला बर्फ उत्तरेकडे का सरकतो, याच्याशी त्याचा संबंध जोडला. शॅकल्टनचं ‘एन्ड्युअरन्स’ जहाज जानेवारी 1915 मध्ये याच समुद्रातल्या बर्फात अडकलं. ते बर्फाबरोबर सरकत राहिलं आणि नोव्हेंबरमध्ये चिरडून बुडालं.

एवढ्याशा पट्ट्याने काय फरक पडतो

टिप जेट येतो आणि एक-दोन दिवसांत जातो. पण तो येतो तेव्हा थंड कोरडी हवा उबदार समुद्रावरून वेगाने जाते आणि समुद्रातली उष्णता काढून घेते. दर चौरस मीटरमागे 500 वॉटच्याही वर. थंड झालेलं पाणी जड होतं आणि खाली बसतं. असं हिवाळाभर वारंवार झालं की वरचं पाणी ढवळत खूप खोल जातं. 2014-15 च्या हिवाळ्यात इर्मिंगर समुद्रात हे ढवळणं सुमारे 1,400 मीटर खोलीपर्यंत पोचल्याचं नांगरलेल्या उपकरणांवरून कळलं.

फ्रिट्यॉफ नान्सेनने 1912 मध्येच म्हटलं होतं की खोल पाणी इथे तयार होत असावं. पण नंतर सगळ्यांचं लक्ष ग्रीनलँडच्या पश्चिमेकडच्या लॅब्राडोर समुद्राकडे गेलं. 2003 मध्ये पिकार्ट आणि सहकाऱ्यांनी ‘नेचर’मध्ये इर्मिंगर समुद्राची बाजू परत मांडली, आणि त्यांच्या मांडणीत मुख्य भूमिका होती टिप जेटची. पुढे 2014 पासून ग्रीनलँडच्या दोन्ही बाजूंना ऑस्नॅप या प्रकल्पाची उपकरणं बसली. 2019 मध्ये त्यांचे पहिले निकाल आले, तेव्हा त्या काळात अटलांटिकच्या उलथापालथीचा मोठा वाटा ग्रीनलँडच्या पूर्वेला दिसला, लॅब्राडोर समुद्रात नाही. हाच तो प्रवाह, जो उष्णता उत्तरेकडे नेतो आणि जो मंदावेल का यावर आज एवढी चर्चा आहे.

आता तो 190 चा आकडा काढा. हवामानबदलाची पुष्कळशी जागतिक मॉडेल्स वातावरणाची चौकट 100 किलोमीटरच्या आसपास ठेवतात. 190 किलोमीटरचा पट्टा त्यात दोन चौकटींत बसतो. आणि एखादी गोष्ट मॉडेलला नीट ‘दिसायला’ निदान चार-पाच चौकटी लागतात. शिवाय एवढ्या मोठ्या चौकटीत डोंगरांची सरासरी निघते, त्यामुळे किनाऱ्याची सरळ भिंत लांबट उतार होऊन बसते. म्हणजे वाराही बुळा आणि त्याला घडवणारी भिंतही बुळी. समुद्रातून किती उष्णता निघते, पाणी किती खोल बुडतं, यावर या त्रुटीचा परिणाम होतो. तुम्ही एखाद्या मॉडेलचा शंभर वर्षांचा अंदाज हातात घेता, तेव्हा केप फेअरवेलचा वारा त्यात खरा आहे का, हा प्रश्न विचारायला हवा. फार कमी जण विचारतात.

निरीक्षणांचीही अडचण आहेच. उपग्रहावरचा स्कॅटरोमीटर समुद्रावरच्या बारीक लहरींवरून परतणारे रडारचे तरंग मोजून वारा काढतो. जमीन किंवा समुद्री बर्फ जवळ आला की तो गोंधळतो, आणि नेमका बॅरियर विंड किनाऱ्याला चिकटून. म्हणून फेब्रुवारी-मार्च 2007 मध्ये आइसलँडमधल्या केफ्लाविकहून एक संशोधन विमान या वाऱ्यांत नेण्यात आलं. समुद्राच्या अगदी जवळून उडत, वरून सोंडे टाकत त्यांनी हवेच्या थरांचे छेद मिळवले. या मोहिमेचं नाव जीएफडेक्स, आणि त्यातून निघालेले पेपर आजही सुरुवातीला वाचण्यासारखे आहेत.

क्विकस्कॅटचं काम नोव्हेंबर 2009 मध्ये थांबलं. त्याच्या दोनच महिने आधी इस्रोने ओशनसॅट-2 सोडला होता, त्यावर स्कॅटरोमीटर होता. पुढे 2016 मध्ये स्कॅटसॅट-1, 2022 मध्ये ओशनसॅट-3. म्हणजे ग्रीनलँडजवळच्या वाऱ्याच्या नोंदीत आपल्याकडच्या उपग्रहांचाही हात आहे. ध्रुवीय विषयात पीएचडी म्हणजे परदेशच, असं समजणाऱ्यांनी वास्कोच्या एनसीपीओआरकडेही बघावं. गोव्यात बसून अंटार्क्टिक आणि आर्क्टिकवर काम चालतं.

करून बघण्यासारखं

युरोपियन केंद्राचा ईआरए5 डेटा मोफत मिळतो. चौकट 31 किलोमीटरची, म्हणजे टिप जेट त्यात बऱ्यापैकी दिसतो. एका हिवाळ्याचा, डिसेंबर ते मार्च, दर सहा तासांचा 10 मीटर उंचीवरचा वारा आणि समुद्रसपाटीचा दाब उतरवून घ्या. पूर्ण जग घेऊ नका, 55 ते 72 अंश उत्तर आणि 60 ते 10 अंश पश्चिम एवढी चौकोनी पट्टी पुरते, नाहीतर लॅपटॉप रडेल.

केप फेअरवेलच्या जरा दक्षिणेला, 59 अंश उत्तर आणि 43 अंश पश्चिम, एक बिंदू घ्या. वारा 20 मीटरच्या वर गेलेल्या सगळ्या वेळा वेगळ्या काढा आणि त्यांचे दोन गट करा, पश्चिमेचा वारा आणि पूर्वेचा. मग प्रत्येक गटाचा सरासरी दाबनकाशा काढा. एकात कमी दाब टोकाच्या ईशान्येला, दुसऱ्यात दक्षिणेला यायला हवा. मग हेच डेन्मार्क सामुद्रधुनीतल्या एखाद्या बिंदूसाठी करा, आणि तिथे किनाऱ्याच्या दिशेने दाब किती उतरतो ते मोजून वरच्या बर्नूली हिशोबाशी ताडून बघा. तुमचा आकडा डेटापेक्षा मोठा येईल. किती मोठा, आणि त्यातलं किती घर्षणामुळे व किती वाऱ्याला पुरेसा किनारा न मिळाल्यामुळे, हे वेगळं करता आलं तर मला नक्की कळवा.